जुन्या साडीचा कुर्ता: कात्री लावण्याआधीची कामं आणि नंतरची

संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये वरची कडी धरायला हात वर केला आणि उजव्या बगलेपासून बरगडीपर्यंत कुर्ता टरकन फाटला. आईच्या इरकलीचा कुर्ता होता तो. दुसऱ्या दिवशी त्या ताई पिशवीत घालून माझ्याकडे परळला घेऊन आल्या. "शिवण उसवलीय, तेवढी टीप मारून द्या," म्हणाल्या. शिवण जशीच्या तशी होती. फाटलं होतं शिवणीशेजारचं कापड. खिडकीच्या उजेडाला धरलं तर तिथे बोटभर रुंदीचे विरळ पट्टे दिसले, वर्षानुवर्षं निऱ्या खोचून झालेले. शिंप्याने बेतलं नीट होतं, शिवलंही नीट होतं. पण साडीतला सगळ्यात थकलेला भाग नेमका बगलेत गेला होता, आणि कुर्त्याला सगळ्यात जास्त ओढ तिथेच बसते.

वापरलेली साडी नव्या तागासारखी बेतली की असंच होतं. नव्या कापडात या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी ताकद असते. नेसून धुऊन जुन्या झालेल्या साडीत ती हाताहाताला बदलते. म्हणून या लेखात शिवणकामापेक्षा त्याआधीच्या कामांवर जास्त भर आहे. उदाहरण सहावारी सुती साडीतून शिवलेल्या सरळ कुर्त्याचं घेतलं आहे. रेशमाला वेगळं काही करायचं असेल तिथे ते सांगितलं आहे.

## टप्पा १: साडी निवडा, आणि काही साड्या बाजूला ठेवा

बोहारीण दारात आली की आपण कपाटातला गठ्ठाच्या गठ्ठा काढून देतो. त्याआधी प्रत्येक साडी पूर्ण उलगडून खिडकीशी धरा. ट्यूबलाइटखाली विरळ जागा दिसत नाहीत आणि विटलेला रंगही कळत नाही. दिवसाउजेडीच बघा.

कुर्त्यासाठी घट्ट विणीची सुती साडी सगळ्यात सोपी. रोजच्या नेसण्यातली मऊ झालेली साडी चालते, किंबहुना ती अंगाला फार छान लागते, फक्त कापडात जीव हवा. पॉलिस्टरचं जॉर्जेट आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या साड्या टिकाऊ असतात, पण घाम शोषत नाहीत. मुंबईच्या हवेत त्यांचा कुर्ता मे महिन्यात घालवत नाही. त्यांचा घेरदार स्कर्ट किंवा पिशव्या कराव्यात.

रेशमी साडीत आधी घड्या पाहा. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम त्या रेषेवर चिरतं. घडीवर बोट फिरवताना धागे सरकून फट दिसली तर त्या साडीचा कपडा शिवू नका. काठ सोडवून घ्या, ते दुसऱ्या कपड्याला लागतील.

तपासा: कापड दोन्ही हातांच्या अंगठ्यांमध्ये एक इंच अंतरावर धरा आणि झटका न देता हळूहळू ताणा. आधी उभ्या धाग्याच्या दिशेने, मग आडव्या. 'चर्र' असा बारीक आवाज आला किंवा धागे एकमेकांपासून दूर सरकले, तर ती जागा बाद. ही परीक्षा साडीभर दहा-बारा ठिकाणी करा. एका ठिकाणी ताणून सगळ्या साडीचा निकाल लावू नका.

## टप्पा २: धागा ओळखा

धुणं, इस्त्री, सुई, सगळं धाग्यावर ठरतं, आणि "आई सुतीच म्हणायची" एवढ्यावर विसंबता येत नाही. साडीच्या आतल्या टोकाकडून एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढा. दोन्ही वेगवेगळे तपासा, कारण महेश्वरी, चंदेरी, इरकल अशा साड्यांत बऱ्याचदा उभा धागा एक आणि आडवा दुसराच असतो.

मोरीच्या कठड्याजवळ, शेजारी पाण्याची वाटी ठेवून धागा चिमट्यात धरा आणि टोकाला काडी लावा. सूत कागदासारखं जळतं, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ करडी राख उरते. रेयॉनही असंच जळतं. रेशमाला केस जळल्याचा वास येतो आणि टोकाला काळी गुठळी होते, ती बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून आक्रसतं आणि न फुटणारा कडक मणी उरतो.

जरीचाही एक धागा असाच पाहा. प्लॅस्टिकची जर लगेच आकसते. तिच्यावर गरम इस्त्री थेट फिरवली की काठ कायमचा चुणतो.

## टप्पा ३: फॉल काढा, खळ काढा, मग धुवा

हा क्रम बदलू नका.

फॉल उसवताना दोरा ओढू नका. दर तीन-चार टाक्यांनंतर कापा आणि तुकडे वेचून काढा. फॉलखालचं कापड बाकीच्या साडीपेक्षा गडद निघेल, कारण तिथे ऊन पोचलेलं नसतं. सुती साडीत टाक्यांची भोकं धुतल्यावर आणि वाफेची इस्त्री फिरवल्यावर बरीचशी मिटतात, रेशमात ती तशीच राहतात. पदराच्या गोंड्यांना आणि पिकोला इतक्यात हात लावू नका. ते सोडवले तर धुताना कडा उसवत जातील.

मग खळ. सुती साड्यांना दर धुण्याला घातलेली खळ थरावर थर बसलेली असते. खळीमुळे विरलेलं कापडही हाताला कडक आणि दणकट लागतं, म्हणजे पहिल्या टप्प्यातली अंगठ्याची परीक्षाही फसू शकते. कसरही (कापड कुरतडणारे किडे) खळीच्या कपड्यांवर आधी येते. साडी रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा, सकाळी पाणी बदला. पाणी गढूळ आणि बोटांना बुळबुळीत लागत असेल तर अजून एकदा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत थांबायचं.

रंग जातो का, हे मात्र साडी भिजत घालण्याआधीच पाहून घ्या. काठाचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून धरा. रुमालावर रंग आला तर काठ आणि अंग एकत्र भिजत ठेवू नका. मीठ किंवा व्हिनेगर टाकून असा रंग पक्का होईल या भरवशावर राहू नका. थंड पाण्यात झटपट धुवून लगेच पसरा, आणि कुर्ता झाल्यावरही कायम वेगळाच धुवा. रेशमाला रिठ्याचं पाणी किंवा सौम्य द्रव साबण. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं.

सावध: हे काम जुलै-ऑगस्टमध्ये काढू नका. खोलीत दोरीवर दोन-दोन दिवस दमट राहिलेल्या कापडाला बुरशीचे ठिपके पडतात आणि ते निघत नाहीत. मी साड्या दसऱ्यानंतर धुते आणि सावलीत वाळवते. साडीला कसर लागल्याची शंका असेल तर कोरडी साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग झटकून धुवा. शंका असलेली साडी बाकीच्या कपाटात एक रात्रही ठेवू नका.

## टप्पा ४: साडीचा नकाशा

लोक नेमका हाच टप्पा गाळतात. तासाभराचं काम आहे आणि कुर्ता किती वर्षं टिकणार ते इथेच ठरतं.

धुतलेली, इस्त्री केलेली साडी जमिनीवर पसरा. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब, घरात एवढी मोकळी जागा नसते. दोन मीटर पसरा, तपासा, पुढे सरका. भडक रंगाचा दोरा आणि सुई हातात ठेवा. प्रत्येक वाईट जागेभोवती मोठ्या टाक्यांचा चौकोन घाला. खडूने खूण करू नका. घडी घालता-उलगडता खडू पुसला जातो आणि शिंप्याच्या टेबलावर पोचेपर्यंत काही उरत नाही.

कुठे बघायचं ते सांगते. साडीच्या मधल्या भागात वरच्या काठालगत निऱ्या खोचल्या जातात, तिथे वीतभर खोलीपर्यंत कापड विरलेलं असतं. त्याच निऱ्यांचा खालचा काठ चपलेत अडकून, टाचेखाली येऊन झिजतो. नेसायला सुरुवात करतो त्या आतल्या टोकाला परकराच्या नाडीचा काच असतो. बसण्याने कापड घासतं ती जागा हाताला गुळगुळीत लागते आणि उजेडाला जाळीसारखी दिसते. पदराकडे, खांद्यावर पडणाऱ्या जागी सेफ्टी पिनची भोकं असतात, कधी एकेक, कधी ओढून लांब झालेली. आणि पदराचं टोक, जिथे कित्येकदा हात पुसलेले असतात.

इरकलीत आणखी एक जागा बघावी लागते. तिच्या पदराचे उभे धागे वेगळे असतात आणि अंगाच्या उभ्या धाग्यांना फासे घालून जोडलेले असतात. हा जोड दिसायला सुंदर असतो, पण खांदा, बगल आणि बाजूची शिवण या तिन्ही ठिकाणांपासून तो दूर ठेवा. गळ्याखाली, छातीच्या मधोमध घेतला तर त्याला ओढ बसत नाही आणि तो उठूनही दिसतो.

सगळ्या खुणा झाल्या की एका वहीच्या पानावर साडीचा लांब आयत काढा, वर-खाली काठ, एका टोकाला पदर, आणि वाईट जागा अंतरासकट लिहा: 'पदराच्या टोकापासून ४० इंचांवर पिनची भोकं, वरच्या काठापासून ६ इंच' अशा. पुढचा बेत या कागदावर करायचा आहे.

## टप्पा ५: बेत

आता हिशेब बघा. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच. तुमचा मोजून घ्या, दोन-तीन इंच इकडेतिकडे असतो. खालचा काठ कुर्त्याच्या घेराला आणायचा असेल तर कुर्त्याची उंची साडीच्या पन्ह्यात बसवायची. ४० इंच उंचीच्या कुर्त्यात वर पाच इंच उरतात, त्यात वरचा काठ निघून जातो. घेराला पट्टी दुमडायची गरज नाही, साडीची किनारच तिथे येते.

छाती ४० इंच असेल तर जुन्या कापडासाठी सहा इंच सैल धरा. नव्या कापडाला चार पुरतात, इथे कापडावर ताण येऊ द्यायचा नाही. म्हणजे पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी २३ इंच, शिवणीसाठी दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच, आणि खाली घेराला २८ इंच. दोन्ही भागांना मिळून साडीच्या लांबीतले ५६ इंच लागतात. बाह्या एकाच १८ इंचांच्या पट्ट्यात निघतात: एक खालच्या काठाकडून वर, दुसरी वरच्या काठाकडून खाली. दोघींनाही तळाशी काठ मिळतो. दोन्ही काठ सारख्या रुंदीचे आहेत ना आणि बुट्ट्यांना वर-खाली नाही ना, एवढं आधी बघा. मोर असतील तर एका बाहीवर उलटे होतील.

एकूण झाले ७४ इंच. बगलेत घालायचे दोन छोटे चौकोन (टप्पा ८) उरलेल्या जागेतून काढले तर दोन मीटरच्या आत काम होतं. साडी साडेपाच मीटरची. निम्म्याहून जास्त साडी तुम्हाला लागतच नाही. म्हणजे विरलेल्या भागाला कुर्त्यात घेण्याची सक्तीच नाही. त्या ताईंच्या इरकलीतही चांगलं कापड भरपूर शिल्लक होतं, फक्त ते शोधलं गेलं नव्हतं.

नकाशाच्या कागदावर हे चार चौकोन त्याच प्रमाणात बसवा. सगळ्यात मजबूत भाग पाठीला आणि बगलेला, त्यानंतरचा पुढच्या भागाला, त्यानंतरचा बाह्यांना. पदराचा एखादा नक्षीचा तुकडा हवाच असेल आणि तो जरा विरळ असेल, तर त्याच्या मागे मलमल ठेवून पाव-पाव इंचावर समांतर धावदोरा घाला, गोधडीला घालतो तसा. असा तुकडा पुढच्या भागावर वरून लावा, मूळ कापडाच्या जागी नको.

तपासा: फॉलखालचा गडद पट्टा आणि बाकीची साडी यांचा रंग वेगळा आहे. पुढच्या-मागच्या दोन्ही भागांच्या घेराला एकतर फॉल लावलेलाच काठ घ्या किंवा न लावलेला. एकेक घेतलात तर बाजूच्या शिवणीवर रंग तुटतो.

## टप्पा ६: आधी अस्तर शिवून पाहा

मांजरपाटावर नमुना शिवून बघावा असं शिवणाच्या क्लासात शिकवतात. इथे वेगळं कापड वाया घालवू नका, नमुना अस्तराचाच करा. मलमल किंवा ब्लाउजला वापरतात ते टू बाय टू कापड घ्या, अडीच मीटर. मुंबईत हिंदमाताला किंवा मंगलदास मार्केटात साडीचा तुकडा नेऊन रंग जुळवता येतो. घरी आणल्यावर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरची साडी फुग्यासारखी लोंबते. गुळगुळीत कृत्रिम अस्तर स्वस्त पडतं, पण घामाने अंगाला चिकटतं. घेऊ नका.

मुंढा (अंगाची बाही जोडायची कड) आणि बाही गोलाई न देता सरळ ठेवून अस्तर कापा, कारण बगलेत चौकोनी तुकडा येणार आहे (टप्पा ८). मोठ्या टाक्यांनी जोडा, घाला. दोन्ही हात वर करा, जमिनीवर बसा, पाठ वाकवून चपलेचा बंद लावा. जिथे ओढ लागेल तिथे शिवण सोडा आणि नवी खूण करा. समाधान झालं की उसवून सपाट करा. हेच अस्तर आता तुमच्या साडीवर ठेवायचा नमुना आहे.

## टप्पा ७: कापणं

इथवर आल्यावर कात्री. साडीची इस्त्री ताजी हवी आणि काठ सरळ रेषेत. एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जाणारा एक आडवा धागा ओढून बघा, तो वाकडा गेला तर कापड तिरकं ताणून सरळ करा आणि पुन्हा इस्त्री फिरवा. साडी दुहेरी घडी घालून कापू नका. खालच्या थरात खुणेचा चौकोन कुठे येतो ते दिसत नाही. एकेक थर, अस्तराचा तुकडा वर ठेवून, टाचण्या शिवणीच्या जागेतच. रेशमाला टाचणीची भोकं राहतात, म्हणून हे जास्त सांभाळा.

साडीचा गळा आत्ता कापू नका. तो अस्तर जोडल्यावर.

## टप्पा ८: शिवणं

सुती साडीला ११ नंबरची सुई, रेशमाला ९. सुई नवी. इंचाला नऊ-दहा टाके. बारीक टाके म्हणजे मजबूत शिवण, हे जुन्या कापडाला लागू नाही. जवळजवळ पडलेल्या भोकांवर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. दोरा सुती किंवा बारीक घ्या. जाड पॉलिस्टरचा दोरा कापडाहून दणकट असतो, ओढ बसली की तो तुटत नाही, कापडाला कापतो. शिवण उसवली तर पाच मिनिटांत घालता येते.

क्रम असा:

१. प्रत्येक तुकड्याखाली त्याचं अस्तर ठेवा आणि खालची काठाची बाजू सोडून कडेने धावदोरा घालून दोन्ही एकजीव करा. मध्यातही दोन-तीन उभ्या ओळी लांब टाक्यांच्या. इथून पुढे हे एकच कापड समजायचं.

२. गळा कापा, आणि कापल्याबरोबर कडेपासून पाव इंच आत एक टीप मारा. हात लागून गळा पसरतो, तो या टिपेने थांबतो.

३. खांदे जोडताना शिवणीत अस्तराच्या किनारीची अरुंद पट्टी धरा, खांदा लोंबणार नाही. गळ्याला तिरकी पट्टी.

४. बगलेत चौबगला घाला. जुन्या सदऱ्यांना, बंड्यांना बगलेत जो चौकोनी तुकडा असायचा तोच. हात वर केला की कापड ओढलं न जाता हा चौकोन उघडतो. त्यासाठी मुंढ्याला आणि बाहीला गोलाई द्यायची नाही, दोन्ही सरळ. साडेपाच इंचांचे दोन चौकोन साडीच्या उत्तम भागातून कापा, त्यांनाही अस्तर. आधी बाही खांद्याच्या मध्याशी जुळवून अंगाला जोडा, खाली दोन्हीकडे चौकोनापुरती जागा मोकळी ठेवा. मग चौकोनाच्या लगतच्या दोन बाजू बाहीच्या दोन कडांना, उरलेल्या दोन अंगाच्या पुढच्या-मागच्या कडांना. कोपऱ्यात सुई कापडात ठेवून, दाब उचलून वळा. मशीनवर जमेना तर हे चार कोपरे हाताने बखिया घालून शिवा. वेळ लागतो, पण बिघडत नाही.

५. बाही आणि बाजू एका ओळीत. बाजूचा कट जिथे सुरू होतो तिथे आतून रुपयाएवढा कापडाचा तुकडा लावून दोनदा टीप मारा.

६. काठ आहे तसा ठेवा. अस्तर काठाच्या वर एक इंचावर संपवून वेगळं दुमडा, साडीला जोडू नका.

सावध: जरीवर इस्त्री उलट्या बाजूने आणि मलमलीचा तुकडा मध्ये ठेवूनच. रेशमावर पाणी शिंपडू नका, ठिपके राहतात.

## शिंप्याकडे देणार असाल तर

पहिले पाच टप्पे तरीही घरीच करा. धुतलेली साडी, भिजवलेलं अस्तर आणि नकाशाचा कागद घेऊन जा. मास्तरांना साडी उलगडून दोऱ्याचे चौकोन दाखवा आणि "या चौकोनांच्या आत कात्री लावू नका, दुहेरी घडीत कापू नका" एवढं समोर सांगा. दुकानात गर्दी असते, चिठ्ठी पिशवीत राहून जाते, म्हणून नकाशा साडीलाच टाचून द्या. चौबगला हा शब्द ज्येष्ठ कारागिरांना माहीत असतो. तरुण मुलांना जुना सदरा दाखवावा लागतो.

## उरलेली साडी आणि पहिलं धुणं

उरलेल्या चांगल्या भागातला किमान एक हातभर तुकडा कुर्त्यासोबत ठेवून द्या, ठिगळाला आणि रफूच्या धाग्याला तोच लागतो. तीन इंचांहून रुंद पट्ट्या पायपिंगला आणि कापडी बटणांना. ती मढवायला लागणारे सांगाडे भुलेश्वरला मिळतात. विरलेला भाग गोधडीच्या आतल्या थरात जातो, तिथे त्याला ओढ बसत नाही.

कुर्ता पहिल्यांदा धुताना थंड पाणी, उलटा करून, वेगळा. मशीनमध्ये नको. बांबूवर खांद्याने लटकवू नका, कमरेवर दुमडून वाळत घाला. तीन धुण्यांनंतर तो पुन्हा खिडकीशी धरा आणि बगल, खांदा आणि कटाचं टोक उजेडाला बघा. कुठे शिवणीशेजारी धागे सरकताना दिसले तर त्याच दिवशी आतून मलमलीची पट्टी लावून धावदोरा घाला.